कागदाची वरची कड

राणीबेन्नूर
४ जुलै १९८६

ती. मल्लेशमामांना हेमावतीचे शरणु.

अव्वाच्या वर्षश्राद्धाला तुम्ही आला होतात, त्यानंतर मी तुम्हाला दोन ओळीही लिहिल्या नाहीत. रागावला असाल तर आधी पत्र पुरं वाचा, मग रागवा.

तुमच्या होन्नापूर विद्यापीठाची जाहिरात आली आहे. घाटातल्या झाडांची पाहणी, तीन वर्षांचं काम, संशोधन सहाय्यकाची एक जागा. वय तिशीच्या आत हवं, आणि मला डिसेंबरात तीस पुरी होतात. एमएस्सी होऊन पाच वर्षं झाली. पाचही वर्षं मी बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बायकांच्या जागी शिकवते आहे. बाई बाळ घेऊन परत आली की मी घरी. गावात कुणाला दिवस गेले की वहिनी मला हसत सांगते, "हेमा, तुझ्या नोकरीचं जमतंय बघ." मीही हसते. दुसरं काय करणार.

अर्जासोबत स्वतः गोळा करून वाळवलेले पन्नास नमुने मागितले आहेत, १९८४ आणि १९८५ अशा दोन पावसाळ्यांतले. माझ्याकडे आहेत. तुम्ही चौतीस वर्षं त्या हर्बेरियममध्ये वाळकी झाडं कागदावर चिकटवलीत. तुम्हीच सांगा, नमुने चिकटवून पाठवू की तसेच? गठ्ठा कसा बांधू? आणि निवड करणारे हुद्दार सर माणूस कसे आहेत? इथे सगळे म्हणतात फार कडक.

मला भीती वाटते, मामा. ही जागा गेली तर पुढच्या वर्षी अर्जच घेणार नाहीत.

तुमची,
हेमावती

&nbsp;

होन्नापूर
९ जुलै १९८६

चि. हेमव्वास आशीर्वाद.

पत्र पुरं वाचलं आणि मग रागावलो. तुझ्या आईचीही हीच खोड, काम निघालं की भाऊ आठवायचा. असो. निवृत्त झालो तरी आठवड्यातून तीनदा डिपार्टमेंटला जातो. किल्ली अजून माझ्याकडे आहे. सून गंगव्वा म्हणते, घरात ज्वारीला टोके पडलेत तिकडे बघायला वेळ नाही आणि सरकारच्या वाळक्या पाल्याला कीड लागेल म्हणून म्हातारा पळतो.

आता नीट ऐक. काही चिकटवू नकोस. ज्या पेपरात झाड वाळलं त्याच पेपरात राहू दे. वर पुठ्ठा, खाली पुठ्ठा, आडवी दोरी, गाठ वर. नीट बांधलेला गठ्ठा बघितला की अर्धं काम तिथेच होतं.

हुद्दार माणूस वाईट नाही. पण त्याची एक रीत आहे. गठ्ठा उघडला की तो आधी झाड बघत नाही, पेपर बघतो. पेपरावरची तारीख आणि लेबलावरची तारीख. बहात्तर साली एक पोरगा तीन वर्षं रानात फिरल्याचं सांगत आला होता. हुद्दारने त्याला फक्त पेपरातली सिनेमाची जाहिरात मोठ्याने वाचायला लावली. तिन्ही वर्षांच्या झाडांभोवती एकच सिनेमा, एकच टॉकीज, रोज तीन खेळ. त्याचं आता गदगला लोखंडी सामानाचं दुकान आहे, बरं चाललंय म्हणतात.

तुला काय भीती? कर नाही त्याला डर कशाला. ये बिनधास्त.

मल्लेशप्पा

&nbsp;

राणीबेन्नूर
१३ जुलै १९८६

ती. मामांना शरणु.

तुमचं पत्र काल आलं. मुदत संपत होती म्हणून गठ्ठा मी आठ तारखेलाच पाठवला होता.

कसं लिहू कळत नाही. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये अव्वाला अर्धांगवायू झाला हे तुम्हाला माहीतच आहे. तो सगळा पावसाळा मी तिची कूस बदलत घरात होते. घाट सोडा, मी गावच्या तळ्यापर्यंतसुद्धा गेले नाही. ती गेल्यावर पंच्याऐंशीत मात्र वेड्यासारखी फिरले. पन्नासही नमुने त्या एकाच पावसाळ्यातले आहेत. झाडं खरी, जागा खऱ्या, मेहनत माझी. फक्त चौदा लेबलांवर मी चौऱ्याऐंशी साल घातलं.

पेन बदललं. शाईत पाणी घातलं. लेबलं दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवून पिवळी केली. इतकं सगळं केलं आणि कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्या हाताला तो टिपकागद, त्याच्यावर काही छापलेलं असतं हे ध्यानातच येत नाही.

तेवीस नंबरचा कागद तेवढा मला आठवतो. त्याच्यावर वहिनीच्या भावाचा सत्काराचा फोटो आहे. वहिनीने तो पेपर जपून ठेवायला सांगितला होता आणि मी त्यात पिवळी आमरी वाळवली, म्हणून घरात आठ दिवस अबोला होता. तो पेपर ऑक्टोबर पंच्याऐंशीचा. लेबलावर मी लिहिलंय ऑगस्ट चौऱ्याऐंशी. कारण हुद्दार सरांच्या पुस्तकात ती आमरी ऑगस्टात फुलते असं आहे. मी ऑगस्टात देवीमन्नेच्या घाटात दोनदा गेले, नुसती पानं होती. फुलं मिळाली ऑक्टोबरात. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल. पुस्तकाशी जुळलं की कोण विचारणार, म्हणून तसं लिहिलं.

मामा, तुमच्याकडे किल्ली आहे. जुन्या पेपरांचे गठ्ठेही तुमच्याकडे वर्षावार लावलेले असतात. चौदा कागद फक्त बदलायचे. नंबर मी या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिले आहेत. मी आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलं नाही.

पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं टाकून दाराशी जाते. पकडले गेले तर ही जागा जाईलच, पण जिल्हाभर कुठल्याही कॉलेजात मला उभं करणार नाहीत. बाळंतिणींच्या जागासुद्धा जातील.

हेमा

&nbsp;

(पोस्टकार्ड)
होन्नापूर, १८ जुलै

हेमव्वा, असलं काही पाकिटातसुद्धा लिहीत जाऊ नकोस. गंगव्वा सगळी पत्रं फोडते, हे नशिबाने माझ्या हाती आलं. पत्र चुलीत घातलं. तुझ्या चौदा इळकल साड्या दुकानात आहेत. मी अजून बघितल्या नाहीत. काठ जुळत नाहीत म्हणतेस, तर विणतानाच डोळे उघडे ठेवायचे होते. माझ्या म्हातारपणी मला ही कामं सांगतेस. बघतो. मल्लेशप्पा

&nbsp;

राणीबेन्नूर
२९ जुलै १९८६

ती. मामांना शरणु.

तुमच्या कार्डामुळे इथे वेगळाच गोंधळ झाला. गंगव्वावहिनींनी आमच्या वहिनीला अभिनंदनाचं पत्र लिहिलं की हेमाचं जमलं वाटतं, चौदा साड्या घेतल्यात, आम्हाला कळवलंसुद्धा नाही. शिवानंदअण्णा दोन दिवस थोरल्या भावाच्या हक्काने माझ्याकडे संशयाने बघत होता. शेवटी विचारलं, "कोण आहे तो?" मी म्हटलं, कोणी नाही. तो म्हणाला, "मग चौदा साड्या कुणी घेतल्या?" मला हसू आलं आणि मग एकदम रडू आलं. त्याचा संशय पक्का झाला.

मुलाखतीचं पत्र आलं आहे. पंचमी झाल्यावर, बारा ऑगस्टला, सकाळी अकरा वाजता. चौघांना बोलावलं आहे. पत्रात एक ओळ आहे, "उमेदवाराच्या नमुन्यांबाबत समिती प्रश्न विचारील." ही सगळ्यांनाच लिहिली असेल का? की फक्त मला?

खरं सांगते, यायचंच नाही असं माझ्या मनात आहे. आजारी पडले असं कळवीन. निदान नाव तरी राहील. अण्णाने पंचमीचा झोका बांधलाय, मला म्हणतो बस, लहानपणी उतरायची नाहीस. मी बसले आणि झोका वर गेला तशी मला गरगरायला लागलं. एवढीशी गोष्ट, पण आता पायाखाली काही नसलं की मला सहन होत नाही.

साड्यांचं झालं का ते एका ओळीत कळवा. झालं असेल तरच येईन.

हेमा

&nbsp;

(पोस्टकार्ड)
होन्नापूर, ४ ऑगस्ट

साड्यांचं काम झालं. निर्धास्त ये. येताना पंचमीच्या उंड्या आण, लाडू तिळाचे हवेत. गंगव्वाला सांगितलंय की लग्न मोडलं. मल्लेशप्पा

&nbsp;

राणीबेन्नूर
१३ ऑगस्ट १९८६

मल्लेशमामा,

उंड्यांचा डबा तुमच्या दारात ठेवून मी तशीच स्टँडवर गेले. गंगव्वावहिनी हाका मारत होत्या. तुम्हाला भेटायची इच्छा नव्हती.

तुमच्या कार्डावर विश्वास ठेवून मी आत गेले. टेबलापलीकडे तिघं होती. मध्ये हुद्दार सर, एका बाजूला वनखात्याचे एक साहेब, दुसऱ्या बाजूला बेंगळूरच्या एक मॅडम. गठ्ठा समोर होता. पहिली वीस मिनिटं मी बरी बोलले. मॅडम एकदा "छान" म्हणाल्या. मग सरांनी गठ्ठ्यात हात घातला आणि थेट तेवीस नंबर काढला.

वहिनीचा भाऊ, मामा. हार घातलेला, दात दाखवत हसणारा. जसा मी पाठवला तसाच.

सरांनी पेपराची वरची कड, जिथे तारीख असते ती, बोटाने खाली दुमडली आणि वर तळहात ठेवला. बाकीच्या दोघांना काही दिसत नव्हतं. आणि अगदी हळू विचारलं, "हे केव्हाचं?"

मला वाटलं, हाच सापळा. त्या लोखंडाच्या दुकानवाल्याला सिनेमाची जाहिरात वाचायला लावली, तसं आता मी ऑगस्ट चौऱ्याऐंशी म्हणायचं आणि यांनी हात उचलायचा. मी म्हटलं, "सर, हे पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरातलं आहे. लेबल खोटं आहे. अशी चौदा आहेत." मग सगळंच सांगितलं. अव्वाचं, उन्हात ठेवलेल्या लेबलांचं. आमरीचंही सांगितलं, की पुस्तकात ऑगस्ट आहे म्हणून ऑगस्ट लिहिलं, पण ऑगस्टात तिथे नुसती पानं असतात.

वनखात्याचे साहेब म्हणाले, "मग आपण इथे कशाला बसलोय?" मॅडमनी पेनचं टोपण लावलं. हुद्दार सरांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. मग म्हणाले, "जा तुम्ही."

तुम्ही मला खोटं का लिहिलंत? काम करायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. मी आलेच नसते. तुमच्या लाडक्या भाचीला माणसांसमोर नागडं करून काय मिळालं तुम्हाला?

हेमावती

&nbsp;

होन्नापूर
१८ ऑगस्ट १९८६

चि. हेमव्वा,

हे पत्र गंगव्वा झोपल्यावर लिहून मी स्वतः पेटीत टाकणार आहे. वाचून तूही चुलीत घाल.

तू लिहिलंस ते सगळं मला लागू आहे. मी खोटं लिहिलं. झालं नाही असं कळवलं असतं तर तू आली नसतीस, हे तूच लिहिलं होतंस.

दोन ऑगस्टला दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी आत गेलो होतो. पिशवीत चौऱ्याऐंशीचे चौदा पेपर होते. दहा मिनिटांचं काम, माझ्या हाताला नवं नाही. गठ्ठा सोडला, पहिलाच हाताला आमरीचा कागद लागला. आणि माझा हात चालेना. अर्धा तास स्टुलावर बसून राहिलो. मग होतं तसं बांधून घरी आलो.

माझ्या हाताला नवं नाही असं म्हटलं, त्याचं आता सांगतो. हे तुझ्या आईलासुद्धा माहीत नव्हतं. त्रेसष्ट साली हुद्दार पंचवीस वर्षांचा होता, आणि अशाच एका जागेसाठी आला होता. पोरगा सोन्यासारखा. पण त्या ऑगस्टात घाटातल्या तापाने आडवा पडला होता, रानात गेला तो ऑक्टोबरात. नमुने भर पावसाळ्यातले मागितले होते, म्हणून एकोणीस नमुन्यांवर त्याने ऑगस्ट लिहिलं. कागदांचं त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी कळलं तेव्हा माझ्या खोलीत येऊन रडला, तू पत्रात रडलीस तसाच. मला दया आली. मी एकोणीस कागद बदलले. त्या दिवशी मला वाटलं, मोठं पुण्य केलं.

त्याला जागा मिळाली, पुढे खुर्ची मिळाली, पुस्तक झालं. त्या पुस्तकात पिवळी आमरी ऑगस्टात फुलते. दरवर्षी ऑगस्टात विद्यार्थी बस करून देवीमन्नेला जातात आणि हात हलवत परत येतात. हुद्दार त्यांना सांगतो, यंदा पाऊस कमी झाला. भरपूर झाला तर सांगतो, यंदा पाऊस जास्त झाला. वर्षानुवर्षं मी हे कोपऱ्यात डिंक लावत ऐकलं.

आणि तेवीस वर्षं त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं नाही, हेमव्वा. मी उशिरा आलो तरी बोलला नाही. न मागता बढती दिली. पण माझ्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. निवृत्तीच्या दिवशी किल्ली जमा करायची असते, त्याने मागितली नाही. लोक म्हणाले, बघा सर म्हाताऱ्याला किती मान देतात. मान कसला, भीती होती. दुसऱ्यांच्या गठ्ठ्यात तो आधी पेपर का बघतो, हे आता तुला कळलं असेल. तुझ्या गठ्ठ्यातले कागद बदलले असते तर तूही माझ्यासमोर अशीच मान खाली घालून वावरली असतीस. मला ते दोनदा बघायचं नव्हतं.

आता तुझी चूक सांगतो. तो सापळा नव्हता गं. तारीख त्याने आधीच बघून ठेवली असणार, कड दुमडली ती दुसऱ्यांना दिसू नये म्हणून. तुला वाट देत होता. मी त्याला दिली होती तशी. तू ऑगस्ट म्हणाली असतीस तर त्याने मान हलवून पुढचा प्रश्न विचारला असता आणि जागा तुझी झाली असती.

शिपाई दुर्गप्पाने मला सांगितलं की तू गेल्यावर आत मोठा वाद झाला, आणि वनखात्याचे साहेब चहा न घेता गेले. काय ठरलं ते त्याला कळलं नाही. जागा जाईल असंच धरून चाल. माझ्यामुळे गेली असं म्हण, मी ऐकून घेईन.

मी त्या दिवसापासून डिपार्टमेंटला गेलेलो नाही. आमरीचं तू त्याच्या तोंडावर बोललीस, आता त्याला वाटत असणार की मीच तुला शिकवून पाठवलं. एकदा गेटपर्यंत गेलो आणि परत फिरलो. गंगव्वा खूश आहे, ज्वारी निवडून झाली.

तुझा मामा

&nbsp;

होन्नापूर, विद्यापीठ, महिला वसतिगृह
१६ सप्टेंबर १९८६

मामा,

हे दुर्गप्पाच्या हाती पाठवते आहे. मी काल इथे आले, आज रुजू झाले. नेमणुकीचं पत्र चवथीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. नेमणूक सहा महिन्यांची. छत्तीस नमुने मान्य, चौदा बाद. दिवाळीपर्यंत चौदा नवे आणून खऱ्या तारखा घातल्या तर पुढची मुदत, नाहीतर घरी. अण्णा म्हणाला, ही कसली नोकरी, ही तर शिक्षा. मी म्हटलं, असेल. तुम्हाला कळवायचं धाडस झालं नाही, मागच्या पत्राची लाज वाटत होती.

आज सकाळी सरांनी मला आत बोलावलं. मला वाटलं काम समजावतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि खालच्या कपाटातून एक गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. वर १९६३ लिहिलेलं होतं. तुमचं पत्र मी जाळलं होतं, पण मला वाटलं माझ्या कपाळावर ते वाचता येत असणार.

सर म्हणाले, "पेन आहे?" मी हो म्हटलं. म्हणाले, "खोडू नका. खाली लिहा, दुरुस्ती म्हणून." आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "पहिलं शीट पिवळी आमरी. वर एकोणीस ऑगस्ट आहे. लिहा, सत्तावीस ऑक्टोबर." गठ्ठ्याकडे एकदाही न बघता सांगत होते. "दुसरं. अठ्ठावीस ऑक्टोबर, सकाळ, ओढ्याच्या डाव्या काठाला." तिसरं. चौथं. प्रत्येकाची जागा, तारीख, त्या दिवशी ऊन होतं की ढग. मी एकेक ओळ खाली लिहीत गेले.

सातव्यानंतर थांबले. विचारलं, "मल्लेशप्पांनी तुम्हाला सांगितलंय?" मी हो म्हटलं. आता खोटं बोलायचं माझ्यात त्राण नाही. त्यांनी विचारलं, "मुलाखतीच्या आधी की नंतर?" मी म्हटलं, नंतर. त्यावर ते खुर्चीत बसले, चष्मा काढला, आणि बराच वेळ तोंडावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाकीची बारा माझ्या नुसत्या आठवणीवर लिहायला नकोत. म्हाताऱ्याला विचारा, उद्या येतो का."

उद्या अकरा वाजता या, मामा. तुम्ही घाबरला असाल. मीही घाबरले आहे, तेही घाबरले आहेत. तिघं एका खोलीत बसू. मी बाजारातून चुरमुऱ्यांचं गिरमिट घेऊन येईन.

हेमा

&nbsp;

(त्याच कागदाच्या मागे)

हेमव्वा, दुर्गप्पा दारात उभा आहे म्हणून घाईने लिहितो. उद्या येतो. त्याला एक आजच सांगून ठेव, नाहीतर उद्या मला बघून छातीत कळ यायची. माझ्याकडे पुरावा आहे असं त्याला वाटत होतं, त्यात तथ्य होतं. त्रेसष्टचे ते एकोणीस मूळ कागद मी जाळले नव्हते. माझ्या पेटीत तळाशी आहेत, तारखांसकट, तेवीस वर्षं. का ठेवले ते मला धड सांगता येणार नाही, आणि त्याने विचारलं तर काय बोलू याची आतापासून धास्ती आहे. घेऊन येतो. किल्लीही घेऊन येतो. गिरमिटात मिरची कमी सांग.

मल्लेशप्पा